घर पांढरीत, पीक काळीत

यवतमाळ जिल्ह्यातल्या जुन्या गावांत शिरताना बहुधा एक लहानसा चढ लागतो. बैलांना जाणवेल इतकाच. तो संपतो तिथे मातीचा रंग बदललेला असतो. शेतातली काळी मागे राहते आणि पायाखाली फिकट, राखट माती येते. गावाच्या जागेला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात ते या रंगांवरूनच. ज्यांनी ही गावं वसवली, त्यांनी पिकाची जमीन पिकाला सोडली आणि स्वतः पाणी न तुंबणाऱ्या, पाया धरून ठेवणाऱ्या उंचवट्यावर राहायला गेले.

आजूबाजूच्या निसर्गात सामावून जाणारं घर बांधायचं तर पहिला धडा हाच आहे, आणि आज आपण सर्वांत आधी तोच विसरतो. रस्त्यालगतचं सपाट काळं शेत घ्यायचं, त्यावर मुरमाच्या ट्रॉल्या ओतायच्या, प्लॉट पाडायचे आणि घाईघाईने घर उभं करायचं. दोन पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली की मिस्त्रीला बोल लावायचा. मिस्त्रीचा दोष त्यात क्वचितच असतो.

शेतात किंवा गावाच्या कडेला, चार-सहा माणसांच्या कुटुंबासाठी घर बांधायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

जागा तीनदा पाहा

एकदा मे महिन्यात दुपारी तीन वाजता, एकदा जुलैच्या भर पावसात आणि एकदा डिसेंबरात सकाळी. वर्षभर थांबणं जिवावर येतं हे खरं, पण घर पुढची साठ-सत्तर वर्षं तिथेच उभं राहणार आहे.

मेमध्ये जमिनीच्या भेगा पाहा. भेगेत तुरीची काठी घालून ती किती खोल जाते ते बघा. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. वर्षातून एकदा ती घराला उचलते आणि एकदा खाली सोडते. आमच्या जवळच्या नात्यातल्या एका घरात उन्हाळ्यात मागचं दार आपोआप उघडायचं आणि ऑगस्टमध्ये काही केल्या लागायचं नाही. सुताराकडून चौकट दोनदा तासून घेतली. हलत होती ती जमीन, हे कळेपर्यंत भिंतीला तडा गेला होता.

म्हणून शेतातला बरड तुकडा शोधा. जिथे पऱ्हाटी गुडघ्याच्या वर जात नाही, नांगराला दगड लागतो आणि ज्याला घरातली वडीलधारी माणसं निकामी म्हणतात, ती घराची जागा. घरही पक्कं होतं आणि कसदार जमीनही वाचते. जागा पसंत पडली की दोन-तीन ठिकाणी खड्डे खणा. चार-पाच फुटांत पक्का मुरूम लागला तर पाया तिथवर न्यायचा, वरची काळी माती काढून शेतात पसरायची आणि पायाच्या कडेने पुन्हा तीच माती न भरता मुरूम भरायचा. मुरूम खोल असेल आणि दुसरी जागाच नसेल, तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या टोकाला फुगीर पाय असलेले खांब घ्यावे लागतात. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केली. साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, जिथे ऋतूप्रमाणे ओल बदलत नाही, तिथे हे खांब टेकतात. हे काम अंदाजाने करू नका, अभियंत्याकडून हिशेब करून घ्या. आणि पाया कुठलाही असो, घराभोवती तीन-चार फुटांची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी हवीच, म्हणजे पायाजवळची माती एकदा चिंब आणि एकदा कोरडी असं होत नाही.

जुलैच्या फेरीत काही करायचं नाही. छत्री घेऊन उभं राहायचं आणि पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे थांबतं ते पाहायचं. त्या वाटा कागदावर काढून ठेवा. घराची एकही भिंत त्या रेषांवर येता कामा नये. जागा उताराची असेल तर जेसीबी लावून ती सपाट करण्याचा मोह टाळा. कापलेला उतार दर पावसाळ्यात जुनी वाट शोधत घरात येतो. घर लांबट करा, उताराला आडवं बसवा, गरज पडली तर ओसरी आणि आतली खोली यांत दोन पायऱ्यांचा फरक ठेवा. धुऱ्यावरची झाडं आणि धुरा दोन्ही जसेच्या तसे राहू द्या. यवतमाळचे शेतकरी सुभाष शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पावसाचं पाणी शेतातच अडवायचं, झाडं आणि गुरं राखायची, ही त्यांच्या नैसर्गिक शेतीची ओळख आहे. शेताकडे पाहण्याची ती नजर घराच्या जागेलाही लावता येते.

जागा शेतजमीन असेल तर आणखी एक काम आधी उरका. शेतातलं घर, गावठाणातलं घर आणि अकृषक प्लॉट यांचे नियम वेगवेगळे आहेत. तलाठी कार्यालय, ग्रामपंचायत आणि नगर रचना कार्यालय इथे आधी विचारा. मोठं झाड तोडायचं असेल तर परवानगी लागते, आणि ते न तोडता नकाशाच बदलला तर सगळ्यात बरं.

उन्हाचा हिशेब

यवतमाळ विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेवीस अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्यानंतर जुलैपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे कडक उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही. तापतं ते छत, आणि सकाळ-संध्याकाळी पूर्व-पश्चिमेच्या भिंती. पश्चिमेची भिंत सर्वांत वाईट, कारण तिच्यावर ऊन येतं तेव्हा हवाही तापलेली असते.

म्हणून घर पूर्व-पश्चिम लांब आणि उत्तर-दक्षिण अरुंद ठेवा. पश्चिमेला झोपायची खोली नको. तिकडे धान्याची खोली, जिना, न्हाणीघर किंवा गुरांचा कोठा जाऊ द्या, आणि खिडकी ठेवलीच तर लहान. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला तर काय होतं पाहा. २१ मार्चच्या दुपारी त्याची सावली भिंतीवर पाच फुटांहून खाली उतरते, चार फुटांची खिडकी पूर्ण झाकली जाते. २२ डिसेंबरला सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांवरच असतो, सावली दोन फुटांवर थांबते आणि उरलेल्या खिडकीतून कोवळं ऊन घरात येतं. छज्जा तोच, खर्च तोच, फक्त दिशा बरोबर हवी. पश्चिमेला याचा उपयोग नाही, कारण तिथे ऊन आडवं येतं आणि ते झाडच अडवू शकतं.

झाड कोणतं, हा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की घराभोवती पानझडी झाडं लावा, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळेल. थंड देशांत हे बरोबर आहे. आपल्याकडे साग आणि पळस ऐन उन्हाळ्यातच उघडे पडतात. मार्च-एप्रिलमध्ये यवतमाळच्या कुठल्याही सागवनातून चालून पाहा, पायाखाली पाचोळा वाजतो आणि डोक्यावर नुसत्या फांद्या असतात. पश्चिमेला सागाची रांग लावणाऱ्याला मेमध्ये काडीचीही सावली मिळत नाही. तिथे कडुनिंब, करंज, आंबा, चिंच, जांभूळ यांपैकी काही हवं. कडुनिंबाला आणि करंजाला नवी पालवी अगदी वेळेवर येते. जागेवर मोहाचं झाड असेल तर ते भाग्य समजा, नकाशा त्याच्याभोवती फिरवा. पण अंतर राखा. काळ्या मातीत मोठ्या झाडाची मुळं पायाखालची ओल ओढतात, म्हणून झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढं ते घरापासून दूर असावं. मुरमाड जागेत याच्या निम्म्याने भागतं. वड, पिंपळ, उंबर घराजवळ नकोतच.

भिंती कशाच्या?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला एखाद्या मे महिन्यात वर्ध्याला जा. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तिथल्या शेगावात राहायला आले. त्या गावालाच पुढे सेवाग्राम हे नाव मिळालं. आदि निवास ही आश्रमातली पहिली वास्तू. बापू कुटी नंतरची, आणि ती मुळात मीराबेन यांची कुटी होती. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू एवढंच सामान, आजूबाजूला मिळणारं, गावच्या कारागिरांच्या हाताला माहीत असलेलं. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत. ती पाहून लगेच बाहेर पडू नका. ओसरीत अर्धा तास बसा, वळचण किती खाली उतरली आहे ते पाहा, भिंतीला हात लावा आणि मग बाहेरच्या डांबरी रस्त्यावर या. फरक अंगालाच कळेल.

तिथून जवळच दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. देवेंद्रकुमार यांनी ते १९७६ मध्ये सुरू केलं. मातीच्या घरावर या केंद्राने बरंच काम केलं. त्यातलं मला सर्वांत आवडलेलं काम छताचं आहे. कुंभाराने चाकावर शंकूसारखी पोकळ नळकांडी घडवायची, ती भाजायची, एकात एक अडकवून कमान उभी करायची आणि कमानीला कमान लावत छत पुरं करायचं. सागाची तुळई नाही की लोखंडी सळई नाही, आणि गावच्या कुंभाराला काम.

इंग्लंडमध्ये जन्मलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर १९४०च्या दशकात जहाजाची वाट पाहत मुंबईत थांबले असताना गांधीजींना भेटले. घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. या जिल्ह्यात हा नियम लावला तर प्रत्येक तालुक्याचं घर वेगळं निघेल. पुसदच्या डोंगराळ भागात काळा दगड पायाशीच आहे. वणीकडे चुनखडी आहे, आणि शेजारच्या चंद्रपूरच्या वीज केंद्रामुळे राखेच्या विटाही आवाक्यात आहेत. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा भागातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, बांबूचे ताटवे विणून, त्यावर माती आणि शेण लिंपून कुडाच्या भिंती करणारे हात आहेत. शहरातला आराखडाकार जे नमुन्यादाखल मागवतो ते तिथल्या बायका-माणसांना पिढ्यान् पिढ्या येतं. त्यांना मजूर म्हणून नव्हे, कारागीर म्हणून बोलवा आणि कारागिराची मजुरी द्या.

मातीची भिंत घालायची तर काळी माती एकटी चालत नाही, ती तडकते. पांढरी माती किंवा बारीक मुरूम घ्या. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खाली रेती, मधे गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतात. निम्म्याहून जास्त रेती आणि वर थोडीच चिकणमाती असेल तर भिंतीला माती चांगली. तिच्यात गव्हाचं कुटार कालवून दोन-चार दिवस कुजू द्यायचं, मग तुडवायचं. भिंत दीड फूट जाड घ्या. खालचे दोन फूट मात्र दगडाचे हवेत, म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. मातीची भिंत श्वास घेते, सिमेंट तिची ओल आत कोंडतं आणि काही वर्षांत पोपडा धरून गळून पडतं. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करा.

मातीच्या घराची लोकांना भीती वाटते, आणि ती बिनबुडाची नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते मराठवाडा-विदर्भात कोणी विसरलेलं नाही. तिथे गोल दगड मातीत नुसते रचलेल्या जाड भिंती होत्या, त्यांचे आतले-बाहेरचे दोन पदर एकमेकांत अडकवलेले नव्हते, आणि वर मातीच्या धाब्याचं प्रचंड वजन होतं. २०२४ मध्ये हिंगोलीत केंद्र असलेले धक्के आपल्या जिल्ह्यापर्यंत जाणवले. म्हणून दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड घाला, जोत्याच्या आणि दाराच्या वरच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टा फिरवा, मग तो काँक्रीटचा असो की नीट सांधलेल्या लाकडाचा, आणि छत हलकं ठेवा. या तीन गोष्टींत काटकसर करू नका.

ज्यांना पक्क्या विटाच हव्यात त्यांनी बेकर यांच्या रॅट ट्रॅप बाँडची माहिती घ्यावी. विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची. विटा सुमारे पावपट कमी लागतात, रेती-सिमेंट वाचतं आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. आपल्या मिस्त्रीला तीन फुटांची एक भिंत आधी करून पाहू द्या. सवय नसलेल्या हाताला पहिला दिवस जड जातो.

कवेलू, वानर आणि कूलर

कवेलूचं छत सुंदर आणि थंड असतं, हे सर्वांना मान्य आहे. तरी लोकांनी ते काढून टिनपत्रे का टाकले? एक तर दर उन्हाळ्यात कवेलू फेरणारी माणसं मिळेनात. दुसरं म्हणजे वानरं. जंगलात खायला कमी झालं, टोळ्या गावात आल्या आणि एका उडीत पन्नास कवेलू फुटू लागले. ही अडचण खरी आहे, तिच्याकडे डोळेझाक करून कवेलूचा आग्रह धरणं बरोबर नाही. खाली टिनपत्रा आणि त्यावर कवेलू असं दुहेरी छत घेता येतं. कवेलू फुटला तरी पाणी गळत नाही, आणि मधल्या हवेमुळे पत्राही तापत नाही. स्लॅबच हवा असेल तर फिलर स्लॅब करा, म्हणजे स्लॅबच्या खालच्या भागात जिथे काँक्रीटचं काही काम नसतं तिथे मंगलोरी कौलं बसवायची. वरून दरवर्षी होळीनंतर चुन्याचा पांढरा हात द्या. नुसत्या पत्र्याचं छत असेल तर खाली बांबूच्या तट्ट्यांचा पोटमाळा करा, पोटमाळ्याच्या दोन्ही टोकांना झरोके ठेवा.

विदर्भात कूलरशिवाय मे निघत नाही, आणि तरीही नकाशात कूलरला जागा नसते. मग तो पश्चिमेच्या खिडकीत उन्हात तापत बसतो. त्याची जागा उत्तरेला, सावलीत, ओट्यासह आधीच ठरवा. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला खिडकी हवी. ती बंद असली की खोलीत नुसती दमट घुसमट होते. आणि रात्रीचं घर विसरू नका. जाड भिंती दिवसाची उष्णता रात्री आत सोडतात, म्हणूनच आपले लोक अंगणात बाज टाकून झोपत आले. मच्छरदाणी टांगता येईल अशी, दोन्ही बाजूंनी उघडी ओसरी किंवा वरची गच्ची ठेवलीत तर एक खोली कमी बांधली तरी चालेल.

पाणी आणि कुंपण

हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाला नऊशे मिलीमीटर पाऊस धरला, आणि पाचातला एक भाग वाया गेला, तरी सुमारे सदुसष्ट हजार लिटर पाणी हाती येतं. पाच माणसांना प्यायला आणि रांधायला रोज पंचवीस लिटर धरले, तर आठ कोरड्या महिन्यांना सहा हजार लिटर पुरतात. म्हणजे दहा हजार लिटरची झाकलेली टाकी बास, बाकीचं पाणी गाळून विहिरीत सोडा. जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, म्हणून बोअरचं पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका. छताचं पाणी या बाबतीत निर्धोक असतं, फक्त पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी टाकीत घेऊ नका.

सांडपाण्याचा शोषखड्डा काळ्या मातीत पावसाळ्यात तुंबतो. त्यापेक्षा न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी रेती-गिट्टी भरलेल्या वाफ्यातून केळी, कर्दळ आणि अळूला द्या. संडासाचा खड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान पंधरा मीटर दूर, उताराच्या खालच्या अंगाला.

आता कुंपण. रानडुकरं आणि रोही पिकाचं काय करतात हे माहीत असलेल्या माणसाला कुंपण नको असं सांगता येणार नाही. पण परसबागेला कुंपण घालणं वेगळं आणि अख्ख्या शेताला सिमेंटची भिंत घालणं वेगळं. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ निघाला आणि तेराशे किलोमीटरहून अधिक चालून बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तो अशाच शेतांच्या धुऱ्यांवरून आणि नाल्यांतून गेला. नाल्याचा काठ मोकळा ठेवा, दिवे खाली वळलेले आणि गरजेपुरते लावा, उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका. टिपेश्वरच्या आसपास घर असेल तर गुरांचा कोठा घराला लागून आणि रात्री पक्का बंद होणारा हवा.

कामाचं वेळापत्रक

पाया दिवाळीनंतर, जमीन वाळायला लागली की घ्या. मातीच्या विटा पौष-माघात पाडा, म्हणजे सावकाश वाळतात. चैत्राच्या उन्हात पाडलेल्या तडकतात. जुन्या वाड्यांचं सागाचं लाकूड विकायला निघतं त्यावर नजर ठेवा. पन्नास-साठ वर्षं मुरलेली चौकट नव्या कच्च्या सागापेक्षा चांगली आणि एक झाडही वाचतं. सिमेंटचं काही काम असेल तर ते फेब्रुवारीच्या आत संपवा, कारण त्यानंतर त्यावर मारायला पाणी मिळत नाही. मेच्या मध्यापर्यंत छत चढलं पाहिजे. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, आणि उघड्या मातीच्या भिंतीवर त्याची एक सर पुरते.

मग पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा छत्री घेऊन अंगणात उभे राहा. गेल्या जुलैत काढलेला कागद सोबत घ्या आणि पाणी त्याच वाटांनी जातं आहे ना, ते पाहा. पागोळी जिथे पडते तिथे माती उकरली जात असेल, तर त्या रेषेवर दगडगोट्यांचा एक पट्टा टाकायचा राहून गेला आहे. पाऊस उघडला की पहिलं काम ते.